नियम कोणाचा आणि इजा कोणाला?



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाच्या कानावर एक वाक्य लवकरच पडते. "तुम्ही रीत मोडली." घरातले देव उतरवले की हे वाक्य येते. मुलीच्या लग्नाला मुहूर्त पाहिला नाही, मयताच्या दहाव्याला कावळ्यासाठी पिंड ठेवला नाही, जत्रेची वर्गणी दिली नाही, की पुन्हा तेच वाक्य येते. कधी शेजारी म्हणतो, कधी सख्खा मामा म्हणतो. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की कधी कधी आपलेच मन म्हणते, "खरेच, आपण काही चुकीचे तर केले नाही?"

या वाक्याला रागाने उत्तर देणे सोपे आहे. गप्प बसणे त्याहून सोपे आहे. पण आपल्याला विचार करून उत्तर द्यायचे आहे. रीत म्हणजे काय, ती कोण ठरवतो, मोडणाऱ्याला समाज शिक्षा का करतो, या प्रश्नांचा अभ्यास समाजशास्त्र करते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात असताना अर्थशास्त्राबरोबर हा विषयही शिकले होते. आजच्या पाठात त्याची थोडी ओळख करून घेऊ. शेवटी दोन प्रश्न हाती लागतील. ते पाठ करून ठेवावेत असे आहेत.

१. रीत म्हणजे काय?

माणसांचा कोणताही गट घ्या, त्यात वागण्याचे काही ठरलेले नियम असतात. समाजशास्त्रात त्यांना सामाजिक प्रमाणके म्हणतात. अमेरिकेतील विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी १९०६ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दोन प्रकार सांगितले. पहिला लोकरीतींचा. पाहुण्याला आधी पाणी द्यावे, थोरामोठ्यांसमोर पाय पसरून बसू नये, अशा या रीती. त्या मोडल्या तर लोक हसतात, फार तर नाके मुरडतात. दुसरा प्रकार लोकनीतीचा. या मोडल्या तर लोक चिडतात, कारण समाजाचे कल्याण त्यांवरच टिकून आहे असे त्यांना वाटते. कोणी कोणाशी लग्न करावे, कोणी कोणाच्या हातचे खावे, हे नियम आपल्या देशात या दुसऱ्या प्रकारात बसले. या दोहोंहून वेगळा तिसरा नियम म्हणजे कायदा. तो लिहिलेला असतो आणि सरकार तो अमलात आणते.

समनर यांचे एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. एखादी गोष्ट लोकनीतीत शिरली की ती कितीही क्रूर असली तरी लोकांना योग्यच वाटू लागते. विधवेला नवऱ्याच्या चितेवर जाळणे हे एकेकाळी पुण्य मानले जात होते. बंगालमध्ये १८२९ साली त्यावर कायद्याने बंदी आली, तेव्हा "आमचा धर्म बुडाला" म्हणून अर्ज करणारे सुशिक्षित लोकही होते.

यावरून एक गोष्ट निश्चित होते. रीत जुनी आहे, सर्वजण पाळतात, वडील पाळत आले, एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. केसपुत्त गावच्या कालाम लोकांना भगवान बुद्धांनी हेच समजावले होते. ऐकीव आहे, परंपरेचे आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे म्हणून स्वीकारू नका. त्यातून हित होते की अहित, हे स्वतः तपासा, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

२. रीत मोडणारा माणूस

गटाचे प्रमाणक मोडणाऱ्या वागणुकीला समाजशास्त्रात विचलन म्हणतात. सर्वसाधारण माणूस विचलन म्हणजे वाईटच समजतो. फ्रान्समधील एमिल दुर्खीम यांनी १८९५ साली या समजुतीला धक्का दिला. विचलन नाही असा समाजच नसतो, असे त्यांनी दाखवले. अगदी साधुसंतांची वसाहत उभी केली तरी तिथे बारीकसारीक चुकांना गुन्ह्याचे रूप येईल. ज्या समाजात कोणीच कधी नियम मोडत नाही, तो समाज कधी बदलणारही नाही. याचे उदाहरण म्हणून त्यांनी सॉक्रेटिसाचे नाव घेतले. अथेन्सच्या कायद्याने इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला विष प्यायला लावले. त्याचा गुन्हा होता स्वतंत्र विचार करण्याचा. पुढच्या जगाला त्याच गुन्ह्याची गरज होती.

आपल्या महाराष्ट्रात तर अशी उदाहरणे घरोघरी सांगता येतील. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले; शाळेत जाताना सावित्रीबाईंवर शेण आणि दगड फेकले गेले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. लग्न तेच, माणूस तोच. पासष्ट वर्षांत बदलला तो समाजाचा नियम.

म्हणून कोणी "तुम्ही रीत मोडली" म्हणाले तर लगेच मान खाली घालू नका. पण त्याबरोबर हेही लक्षात ठेवा की चोरही रीत मोडतो, बायकोला मारणाराही मोडतो. रीत मोडली म्हणून कोणी आपोआप सुधारक होत नाही. मग फरक कसा ओळखायचा? त्यासाठी महाडला जाऊ.

३. महाडला नियम कोणी मोडला?

मुंबई कायदेमंडळात १९२३ च्या ऑगस्टमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे ठरवले. म्हणजे कागदावरचा नियम स्पष्ट होता. तरी तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या पाण्याला हात लावला नाही, कारण कागदावर नसलेला दुसरा नियम त्याहून बलवान होता.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी आवई उठली आणि परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे सनातन्यांनी १०८ घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे "शुद्ध" केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

आता प्रश्न विचारा. नियम कोणी मोडला? पाणी पिणारे सरकारी ठरावाप्रमाणे वागले होते. लाठ्या चालवणाऱ्यांपैकी काहींना न्यायालयाने शिक्षा दिली. तरी गावाच्या नजरेत विचलित कोण ठरले? पाणी पिणारे. पाणी पिण्यात इजा कोणालाही नव्हती. जनावरे तर रोजच त्या तळ्यावर पीत होती. इजा होती ती फक्त एका गटाच्या वरचढपणाला. हा वाद न्यायालयात दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

१९२७ च्याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळे सांगितले. अस्पृश्यतेची खूण दाखवणारी लुगड्याची नेसण आणि तसले दागिने टाकून द्या, असे ते म्हणाले. वरवर पाहता कपड्यांची ही साधी गोष्ट होती. पण कोणी कसे नेसावे हा नियम कोणी केला आणि कोणाच्या सोयीसाठी केला, हे त्यांना पुरते कळलेले होते.

४. कपाळावरचा शिक्का

अमेरिकेतील हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली यावर मार्मिक विचार मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: विचलन हा कृत्याच्या अंगचा गुण नाही. ज्यांच्या हाती बळ आहे ते नियम करतात, तो काही लोकांना लावतात आणि त्यांच्या कपाळी "बाहेरचा" असा शिक्का मारतात. त्यांच्या आधी एडविन लेमर्ट यांनी १९५१ साली पुढची पायरी दाखवली होती. शिक्का बसलेला माणूस हळूहळू त्या शिक्क्याप्रमाणेच वागू लागतो, कारण त्याला दुसरे वागण्याची वाटच ठेवलेली नसते.

शिक्षकाला हे समजायला पुस्तक लागत नाही. एखाद्या पोराने एकदा पेन्सिल उचलली, की वर्गात काहीही हरवले तरी सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. वर्षभर माना वळत राहिल्या तर ते पोर शाळा सोडते, नाहीतर खरोखर चोर होते.

एका पोराची ही गोष्ट संपूर्ण जमातींच्या बाबतीत कायद्याने केली गेली. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेत होता. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही तो लागू करण्याची वाट मोकळी झाली. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींत जन्मणे हाच गुन्हा ठरला. नाव नोंदवणे, पोलिसांकडे हजेरी देणे, परवान्याशिवाय गाव न सोडणे, हे त्यांच्या नशिबी आले. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती होत्या. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि हे लोक "विमुक्त" झाले. कायदा गेला, शिक्का मात्र गेला नाही. आजही गावात चोरी झाली की पहिला संशय पालावर जातो.

जन्मावरून शिक्का मारण्याची ही रीत भगवान बुद्धांनी फार पूर्वी उलटून टाकली आहे. श्रावस्तीत भिक्षेला निघालेल्या भगवंतांना अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाने "वसल", म्हणजे नीच, म्हणून हटकले. भगवंत रागावले नाहीत. वसल कोण हे तुला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले आणि एकेक कृत्य सांगितले. जो क्रोधी आणि द्वेषी आहे, जो प्राण्यांवर दया करीत नाही, कर्ज घेऊन नाकबूल होतो, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळत नाही, तो वसल. जन्माने कोणी वसल होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही. शिक्का जन्मावरून काढून भगवंतांनी कृत्यावर ठेवला, आणि कृत्य मोजण्याचे माप ठेवले ते दुसऱ्याला होणाऱ्या दुःखाचे.

अंगुलिमालाची कथा तर आपल्या मुलांनाही माहीत असते. त्याने खरोखर माणसे मारली होती. तो भिक्षू झाल्यावरही लोकांनी त्याला दगड मारले, डोके फुटून रक्त वाहिले. भगवंतांनी त्याचा गुन्हा झाकला नाही, पण त्याला जन्मभर गुन्हेगारही ठेवले नाही. कृत्याला नाव द्या, माणसाला शिक्का देऊ नका, हा त्यातला धडा आहे.

५. बहिष्काराचे हत्यार

प्रमाणक मोडणाऱ्याला समाज ज्या शिक्षा करतो त्यांत सर्वांत जुनी आणि सर्वांत भयंकर शिक्षा बहिष्काराची. मारहाणीच्या खुणा अंगावर दिसतात. बहिष्काराच्या दिसत नाहीत. वाण्याने किराणा द्यायचा नाही, गिरणीत दळण घ्यायचे नाही, शेतावर मजुरीला बोलवायचे नाही, आणि हे सर्व "आम्ही काहीच केले नाही" असे म्हणत करायचे. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. अस्पृश्यांना हक्क बजावू न देण्यासाठी बहिष्कार हे मारहाणीपेक्षाही परिणामकारक हत्यार आहे, असे तिच्या अहवालात नोंदले गेले. पुढे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि तिचा मसुदा करताना ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

ती मागणी पुरी व्हायला बरीच वर्षे लागली. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला; ती दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा मान्य झाल्यामुळे हे संरक्षण त्यांनाही आहे. शिवाय महाराष्ट्राने २०१६ साली सर्व जातिधर्मांच्या माणसांसाठी सामाजिक बहिष्कारविरोधी स्वतंत्र कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तक्रार पोलिसांकडे करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यापुढेही करता येते. हे शेजारच्या चार घरांना सांगून ठेवा.

६. जुने गेले, नवे अजून रुजले नाही

दुर्खीम यांनी आणखी एक अवस्था सांगितली आहे. जुने नियम सुटतात, नवे अजून अंगवळणी पडलेले नसतात, अशा मधल्या काळात माणूस गोंधळतो, एकटा पडतो. तिला प्रमाणकशून्यता म्हणतात. नव्या बौद्ध कुटुंबाने हे ओळखून असावे. देव उतरवले, पण सकाळी दिवा लावण्याच्या वेळी म्हातारीचे हात रिकामे झाले, ते कशात गुंतवायचे? बारसे करायचे नाही, मग बाळाचे नाव कसे ठेवायचे? ही पोकळी भरली नाही तर दोन गोष्टी घडतात. एकतर जुने देव मागच्या दाराने परत येतात, नाहीतर घर कशालाच न मानणारे होते आणि संध्याकाळी दारूच्या दुकानाची वाट धरते.

अमेरिकेतील रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली माणसाच्या वागण्याच्या पाच तऱ्हा सांगितल्या. समाजाची उद्दिष्टे आणि मार्ग दोन्ही मानणारा पहिला. उद्दिष्ट मानून वाकडा मार्ग धरणारा दुसरा. कॉपी करून पास होणारा हा त्यातला. उद्दिष्ट विसरून नुसती रीत पाळणारा तिसरा. दोन्ही सोडून व्यसनात बुडणारा चौथा. आणि जुनी उद्दिष्टे, जुने मार्ग दोन्ही नाकारून त्यांच्या जागी नवे ठेवणारा पाचवा, म्हणजे बंडखोर. चौथा आणि पाचवा दोघेही जुने सोडतात. फरक एवढाच की पाचवा रिकाम्या जागी काहीतरी ठेवतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा या दृष्टीने पुन्हा वाचा. काही प्रतिज्ञा जुने सोडायला सांगतात. पण त्याबरोबरच चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही, सर्वांवर दया करीन, असे नवे नियमही देतात. म्हणून घरात वंदनेची वेळ ठरवा, नामकरण आणि मंगल परिणय यांचे संस्कार शिकून घ्या, म्हातारीला वंदना पाठ करायला नातवाला बसवा. पाचव्याचा चौथा होऊ नये यासाठी ही सगळी काळजी.

७. आता आपल्याच वस्तीकडे पाहू

इथपर्यंतचे वाचून बरे वाटले असेल. पुढचे थोडे कडू आहे.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात जातींवर निबंध वाचला. काही गटांनी आपले दार आतून बंद केले, आणि इतरांना ते आपल्यावर बंद झालेले आढळले, अशी जातींची उत्पत्ती त्यांनी त्यात सांगितली. नियम मोडणाऱ्याला जात बाहेर फेकते, दुसरी जात त्याला घेत नाही, आणि फेकलेल्यांची आणखी एक बंद जात होते.

एखाद्या घरी सासूने कुलदैवताचा टाक ट्रंकेत लपवून ठेवलेला सापडतो आणि वस्ती ठरवते की त्या घरच्या लग्नाला कोणी जायचे नाही. एखादा मुलगा दुसऱ्या पोटजातीतील बौद्ध मुलीशी लग्न करतो आणि काका-मामा मंडपात पाय ठेवत नाहीत. तुरुंगातून सुटून आलेल्याच्या हातचा चहा कोणी घेत नाही. गावाने आपल्यावर उगारलेले हत्यार आपण आपल्याच माणसावर उगारले, की दार पुन्हा आतून बंद होऊ लागले असे समजावे. टाक ठेवणे चूक आहे, हे त्या मातेला बसून समजावून सांगावे. एकदा नाही तर दहा वेळा सांगावे. भगवंतांनी कोणाला वाळीत टाकून धम्मात आणले नाही. आणि पोटजातीबाहेरच्या लग्नात तर चूकच कोणती? तिथे मंडपात न जाणाऱ्यांनीच स्वतःला तपासावे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम सांगतो, असे कर. तत्त्व माप हाती देते आणि विचार करून ठरवायला लावते; म्हणून तत्त्वाने वागणारा आपल्या कृत्याला जबाबदार असतो. ते माप दोन प्रश्नांत सांगता येते. कोणी रीत मोडली असे कानावर आले की विचारा: हा नियम कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी केला? आणि तो मोडल्याने इजा नेमकी कोणाला झाली? चोर आणि बायकोला मारणारा दुसऱ्या प्रश्नावर लगेच उघडे पडतात. महाडचे सत्याग्रही दोन्ही प्रश्नांना उजळ माथ्याने उत्तर देतात. गावापुढे हे प्रश्न विचारताना भीती वाटू देऊ नका, आणि स्वतःच्या वस्तीत विचारताना टाळाटाळ करू नका.

रविवारी विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणत्या तीन रीती केवळ "लोक काय म्हणतील" म्हणून चालू आहेत?
२. महाडला कायदा आणि लोकनीती यांत विरोध कसा दिसला?
३. आपल्या वस्तीत शिक्का बसलेले मूल किंवा माणूस आहे का? तो शिक्का पुसण्यासाठी आपण या महिन्यात काय करू शकतो?
४. जुना संस्कार सोडल्यावर त्या जागी आपण काय ठेवले?
५. चुकणाऱ्याला समजावणे आणि वाळीत टाकणे यांचे परिणाम कसे वेगळे होतात?

नमो बुद्धाय! जय भीम!